दोन बोटं वाढीव

थंडी या विषयावर प्रल्हाद सबनीसला कोणी काही सांगायला गेलं, तर तो आधी हसे आणि मग विचारे, "तुम्ही उणे बावीसमध्ये उभे राहिलाय का कधी?" उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कोल्ड स्टोअरचा तो सुपरवायझर होता. बाहेर सेहेचाळीस अंशांत डांबर मऊ होत असताना आत कोंबड्या, मटार आणि सुरमई दगडासारख्या कडक ठेवायच्या, हे त्याचं काम. अठरा वर्षं तो ते करत होता. दारावर नुसता तळहात ठेवून आत किती अंश आहेत ते तो सांगे, आणि ते बरोबर निघे. शारजातली सगळी मराठी मंडळी रोज सकाळी दुबईच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पडत, तेव्हा हा उलट्या दिशेने मोकळ्या रस्त्याने निघून जाई. त्याचाही त्याला थोडा तोरा होता.

पण अठरा वर्षं थंडीत काढलेल्या या गृहस्थाने बर्फ पडताना कधी पाहिला नव्हता. कोल्ड स्टोअरमध्ये पांढरा बर्फ म्हणजे बिघाड. दार नीट लागलं नाही, बाहेरची दमट हवा आत शिरली, की गार करणाऱ्या नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, भुरभुरीत थर चढतो आणि मशीन धापा टाकायला लागतं. तो थर दिसला की प्रल्हादचं डोकं फिरे. दार कोणी उघडं टाकलं याचा छडा लावल्याशिवाय आणि थर खरवडून काढल्याशिवाय तो जेवायला बसत नसे. त्या पांढऱ्या भुरभुरीशी त्याचं हाडवैर होतं म्हणा ना.

म्हणूनच २००५ च्या डिसेंबरात दुबईतल्या नव्या मॉलमध्ये बर्फाचा डोंगर उघडला, तेव्हा अख्ख्या शारजाने तिकडे धाव घेतली तरी प्रल्हाद जागचा हलला नाही. "अहो, सगळे जाऊन आले, आपणच राहिलो," असा अनुराधाने, म्हणजे त्याच्या बायकोने, लकडा लावला.

"कितीचं टेंपरेचर आहे तिथे?" त्याने विचारलं.

"पेपरात आलंय, मायनस टू."

"मायनस टू? ती आमच्याकडे दाराबाहेरची थंडी असते."

शेवटी चौथ्या शुक्रवारी तो गेला, तोही केयासाठी. केया त्यांची एकुलती एक मुलगी, सोळा वर्षांची, अकरावीत. जन्मली शारजात, वाढली शारजात. आईबाप मराठीत विचारत आणि ती इंग्रजीत उत्तर देई. तिला सगळं कळे, पण मराठी वाक्य तिच्या तोंडून निघायचं म्हणजे सणावारीच.

मॉलमधल्या त्या उंचच्या उंच काचेपाशी तोबा गर्दी होती. प्रल्हाद वाट काढत पुढे गेला आणि काचेला हात लावून उभा राहिला. सवयच ती. मग त्याने वर पाहिलं.

समोर पांढरा उतार होता. वर, खूप वर, छतापाशी तो धुक्यात नाहीसा होत होता. उतारावर माणसं घसरत होती, पडत होती, उठत होती. छताखालून बारीक पांढरं काहीतरी भुरभुरत खाली येत होतं आणि एका लहान मुलीच्या टोपीवर बसत होतं. बाकीच्या लोकांना बर्फ दिसत होता. प्रल्हादला त्यामागची मशीनं दिसत होती. एवढ्या उंचीची जागा, तिच्या भिंतींचं इन्सुलेशन, इतकी माणसं श्वास सोडतायत त्याची वाफ, दारं उघडतायत त्यातून येणारी हवा. कोल्ड स्टोअरच्या चार खोल्या सांभाळताना त्याच्या नाकी नऊ येत. इथे कोणीतरी वाळवंटात अख्खा डोंगर सांभाळत होतं. तो आ वासून पाहत राहिला.

"अहो, काय झालं?" अनुराधाने विचारलं.

"अनु, हे मुद्दाम केलंय," तो म्हणाला. "आम्ही जे खरवडून टाकतो ना, ते यांनी मुद्दाम केलंय."

अनुराधाला त्यातलं काही कळलं नाही. केयाचं तर लक्षच नव्हतं. तिची नजर एका मुलीवर खिळली होती. ती मुलगी एकाच फळीवर दोन्ही पाय बांधून, आडवी उभी राहून, लाटेसारखी वळणं घेत खाली येत होती. "बाबा, आय वॉन्ट टु डू दॅट," केया म्हणाली, आणि तिचा आवाज ऐकून प्रल्हादने काचेवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. ही पोर फारसं काही मागणारी नव्हती.

जानेवारीत तिचा वाढदिवस होता. आईबापाने तिला स्नोबोर्डिंगचे तीन धडे भेट दिले. बूट, बोर्ड, जाकीट, सगळं तिथलंच भाड्याचं. पहिल्या धड्यात ती निम्मा वेळ बर्फात बसलेली होती. दुसऱ्यात वळायला शिकली. तिसरा धडा संपला तेव्हा तिथल्या कोच बाई, चांगल्या सहा फूट उंच आणि गालावर सदा लाली, तिला घेऊन बाहेर आल्या आणि अनुराधाच्या हातात एक फॉर्म ठेवला. पहिल्या सीझनसाठी मुलांची बॅच निवडायची होती. जागा आठ. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी चाचणी. मधल्या टप्प्यावरून दोनदा खाली यायचं, त्यातली चांगली खेप धरणार. बोर्ड आणि कपडे त्यांचे, पण बूट, हातमोजे आणि हेल्मेट प्रत्येकाने स्वतःचं आणायचं.

"पुढच्या वर्षी बारावी आहे," अनुराधा घरी आल्यावर म्हणाली. "मग एंट्रन्स. मग कॉलेजला इंडिया. जे काय करायचंय ते या सीझनलाच, नंतर खलास."

केयाने फॉर्म फ्रिजच्या दारावर लावला आणि रोज शाळेतून आली की तो एकदा वाचू लागली. प्रल्हादने ते पाहिलं होतं.

सामान घ्यायला तिघं मिळून दुबईतल्या एका दुकानात गेले. स्नोबोर्डचं दुकान कसलं, गेल्या वर्षीपर्यंत तिथे पोहण्याचे चष्मे आणि क्रिकेटच्या बॅटी मिळत. आता मागची सबंध भिंत फळ्यांनी भरून गेली होती. माणसाच्या उंचीच्या, टोकांना वर वळलेल्या, कुणावर ज्वाळा तर कुणावर घुबड रंगवलेलं. आरशासारख्या गुळगुळीत. प्रल्हादने एकीच्या कडेवरून बोट फिरवलं. कडेला पोलादाची पट्टी बसवलेली होती, सुरीसारखी.

"एज है, भाईसाब," मागून आवाज आला. "सारा खेल इसी का है."

हा हारुन. दुकानातला बूट बसवून देणारा माणूस, पन्नाशीचा, राखाडी दाढीचा, मूळचा गिलगिटच्या पुढचा. त्याच्या गावी वर्षातले पाच महिने बर्फ असे. हे कळल्यावर प्रल्हादच्या आवाजातला गिऱ्हाइकी तोरा जरा उतरला.

हारुनने केयाला सरळ उभं केलं आणि काही न सांगता पाठीमागून हलकेच ढकललं. प्रल्हाद भडकून पुढे झाला. पण केयाने तोल सावरायला उजवा पाय पुढे टाकला होता, आणि हारुन समाधानाने मान डोलवत होता. "राइट फुट आगे. बच्ची उलटी चलेगी. कोच को बता देना." ज्याचा जो पाय आपसूक पुढे पडतो तोच बोर्डावर पुढे ठेवायचा, विचारून कळत नाही, ढकलूनच कळतं, असं त्याने समजावलं. प्रल्हाद थक्क झाला. दारावर तळहात ठेवून अंश सांगणाऱ्याला ही विद्या लगेच पटली.

हातमोज्यांच्या बाबतीतही त्याने माघार घेतली. त्याने कोल्ड स्टोअरमधले जाड हातमोजे पिशवीतून आणले होते, उणे बावीसचे. हारुनने ते उलटेसुलटे करून पाहिले. "आपके यहाँ आदमी खडा रहता है. यहाँ गिरेगा. गिरेगा तो भीगेगा." पाण्याचा मुद्दा प्रल्हादच्या धंद्यातलाच होता. त्याने आपले हातमोजे मुकाट्याने पिशवीत टाकले आणि पाणी न शिरणारे घेतले. हेल्मेटही हारुन म्हणेल तेच घेतलं. अनुराधा कुजबुजली, "आज सूर्य कुठून उगवलाय?"

घोडं अडलं ते बुटांवर.

सबनीसांच्या घरात बूट घ्यायची एक रीत होती. प्रल्हाद गल्फमध्ये आला तेव्हा त्याच्या भावंडांची मुलं लहान होती. डोंबिवलीहून पत्रं येत आणि पत्रांबरोबर घडी घातलेले कागद. त्यांवर पेन्सिलीने काढलेली पावलं. रेघेखाली नाव आणि वय. प्रल्हाद ते कागद खिशात घालून शारजाच्या बाजारात जाई आणि त्या पावलांवर बूट ठेवून माप घेई. पण बूट पोचायचे ते त्याच्या वार्षिक रजेत, कधी सहा महिन्यांनी, कधी आठ. तोवर पोरांचे पाय थांबतात थोडेच? म्हणून तो रेघेच्या पुढे आपली दोन बोटं ठेवी आणि तेवढा मोठा बूट घेई. बॅगेतून बूट निघाले आणि पोरांच्या पायांत बरोबर बसले की सगळं घर तोंडात बोटं घाली. एवढ्या लांबून याला कसं कळतं? त्या कौतुकावर प्रल्हाद वर्षभर खूष असे. पुढे केया झाली, आणि तिचे बूटही तो त्याच रीतीने घेत आला.

आताही तेच झालं. हारुनने लोखंडी पट्टीवर केयाचं पाऊल मोजलं आणि तो अडतीस नंबर घेऊन आला. प्रल्हाद म्हणाला, "चाळीस दिखाव."

"भाईसाब, इसमें बडा नहीं चलता. अंगूठा आगे टच होना चाहिए. एडी उठनी नहीं चाहिए."

"हारुनभाई, बच्ची है. बढती उमर है."

"बूट ढीला तो बोर्ड बात नहीं सुनेगा."

"दो जोडी मोजे पहनेगी." प्रल्हादने चाळीस नंबर केयाच्या पायात चढवला, टाचेच्या मागे दोन बोटं घातली, ती सुळकन आत गेली, आणि तो प्रसन्न हसला. "हे बघ, परफेक्ट. दोन सीझन चालतील. कसे वाटतायत?"

केयाने बुटांकडे पाहिलं, मग हारुनकडे, मग बापाच्या चेहऱ्याकडे. "इट्स फाइन, बाबा," ती म्हणाली.

"साडेचारशे दिरहम," अनुराधा म्हणाली. "म्हणजे पाच हजार चारशे रुपये! बुटांना!" पण प्रल्हादने कार्ड पुढे केलंसुद्धा. हारुनने खोका बांधताना नुसतं म्हटलं, "इन्शाल्ला ठीक होगा." पण त्याच्या भुवया काही वेगळंच सांगत होत्या.

चाचणीच्या आधी एकदा सराव झाला. नव्या बुटांत. त्या दिवशी अनुराधा बरोबर गेली होती आणि परत येऊन तिने पाहिलं ते सांगितलं. जी मुलगी भाड्याच्या बुटांत वळणं घेत होती, ती स्वतःच्या बुटांत दर दहा हातांवर पडत होती. पुढच्या कडेवर जायला गेली की बोर्ड मागेच राही. मागच्या कडेवर जायला गेली की एकदम उसळे.

"भीती बसली असेल," प्रल्हाद म्हणाला. "परीक्षेचं टेन्शन. होतं असं." रात्री जेवताना त्याने केयाला चार धीराच्या गोष्टी सांगितल्या. तिने मान डोलावली आणि आमटीभात संपवून खोलीत गेली. फॉर्म फ्रिजच्या दारावर होता, पण त्या दिवशी तिने तो वाचला नाही.

चाचणीच्या शुक्रवारी आईबापांना आत सोडत होते. प्रल्हादने तिथलं जाकीट चढवलं आणि दोन जाड दारांमधल्या छोट्या खोलीतून पलीकडे गेला. ही दोन दारांची युक्ती त्याच्याही कोल्ड स्टोअरला होती. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. त्याला मनातून बरं वाटलं, ओळखीचं कोणी भेटल्यासारखं.

आणि मग दुसरं दार उघडलं.

थंडी ओळखीची होती. बाकी काहीच ओळखीचं नव्हतं. आवाज बदलले होते. एवढी माणसं असून सगळं मऊ, दबलेलं ऐकू येत होतं. पायाखाली करकर वाजत होतं. वरून पांढरे कण येत होते, घाई न करता. एक त्याच्या बाहीवर बसला. तो निळ्या कापडावर सहा टोकांचा, कोरून काढल्यासारखा दिसला, आणि प्रल्हाद वाकून पाहतो न पाहतो तोच त्याचं पाणी झालं. कॉइलवरच्या थरात असे किती त्याने घमेल्याने भरून बाहेर फेकले असतील! एकदाही जवळून पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांच्या वैऱ्याचा चेहरा इतका देखणा असेल, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"अहो, रुमाल देऊ का?" अनुराधाने विचारलं.

"थंडीने येतंय," तो म्हणाला. अनुराधा हसली.

उताराच्या पायथ्याशी कठडा होता. तिथे इतर पालकांबरोबर ते उभे राहिले. बावीस मुलं होती. एकेक वरून येत होतं. केयाची पाळी आली. मधल्या टप्प्यावर तिचं लाल हेल्मेट दिसलं आणि प्रल्हादने कठडा घट्ट धरला.

पहिलं वळण तिने घेतलं. दुसऱ्याला ती पुढच्या कडेवर गेली, गुडघे वाकवले, आणि बोर्ड जिथल्या तिथे राहिला. ती मात्र पुढे गेली. तोंडावर पडली. उठली, पुन्हा पडली. दुसऱ्यांदा उठताना तिने वाकून दोन्ही हातांनी बूट चाचपला. प्रल्हादने ते पाहिलं. घाबरलेलं माणूस खाली उताराकडे बघतं. ही बुटाकडे बघत होती. अठरा वर्षं बिघाड शोधणाऱ्या माणसाच्या डोक्यात काहीतरी खटकन वाजलं.

ती उरलेला उतार बसत-घसरत खाली आली. कोच बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, केयाच्या खांद्यावर थोपटलं आणि दुसऱ्या खेपेला अर्धा तास आहे म्हणून सांगितलं. केया बाकावर येऊन बसली. रडत नव्हती, पण ओठ घट्ट मिटलेले होते.

प्रल्हाद तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "काढ," तो म्हणाला. त्याने स्वतःच लेस सोडवल्या, बूट ओढला. पाय निघाला तो तीन मोज्यांसकट. मग त्याने बुटात हात घातला आणि पार टोकाशी त्याच्या हाताला काहीतरी मऊ लागलं. त्याने बाहेर काढलं. कापूस होता. नीट घडी घालून, टिश्यू पेपरात गुंडाळून, बुटाच्या टोकाच्या आकाराचा केलेला. सवयीचं काम दिसत होतं.

"हे काय आहे?"

"कॉटन."

"ते दिसतंय गं. कधीपासून?"

केयाने खाली पाहिलं. "ऑल्वेज, बाबा."

"शाळेच्या बुटातसुद्धा?"

"ऑल ऑफ देम. सिन्स फोर्थ ग्रेड." ती थांबली. "माय फीट स्टॉप्ड ग्रोइंग इन एट्थ, बाबा. आय अ‍ॅम थर्टी-एट. आय हॅव बीन थर्टी-एट फॉर थ्री इयर्स."

"मग बोलली का नाहीस? त्या हारुनने सांगितलं तेव्हा तरी?"

"यू पुट युअर फिंगर्स इन अँड यू लुक सो हॅपी," केया म्हणाली. "एव्हरी टाइम."

प्रल्हादच्या हातात कापसाचा बोळा तसाच राहिला. त्याला वाटलं, कोणीतरी आपल्याला आरपार पाहिलं. डोंबिवलीची पोरं वर्षातून एकदा दिसत, त्यांच्यासाठी काढलेला तो ठोकताळा होता. न दिसणारी वाढ त्या दोन बोटांत धरायची. आणि ही तर रोज समोर जेवायला बसत होती. हिच्या पायांकडे नुसतं बघायचं होतं. चारही खोल्यांचे अंश त्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते, आणि पोटच्या पोरीचं पाऊल केवढं ते त्याला माहीत नव्हतं. तो मनातून पार खजील झाला.

"अर्धा तास आहे ना?" तो उठत म्हणाला. "यल्ला, चल."

भाड्याच्या बुटांचा काउंटर दोन दारांच्या पलीकडे होता. प्रल्हाद पुढे, मागे मोज्यांवर केया, तिच्यामागे तिचं हेल्मेट घेऊन अनुराधा. काउंटरवर मोहिद्दीन नावाचा केरळी माणूस होता. समोर पन्नासेक लोकांची रांग. प्रल्हाद रांगेच्या कडेने पुढे घुसला. एरवी रांग मोडणाऱ्यावर तो खेकसायचा.

"भाई, बच्ची का ट्रायल है, पचीस मिनिट में. बूट चाहिए."

"साइज?"

"अडतीस." मग त्याला राहवेना. आयुष्यभर तो अंदाजाने मापं घेत आला होता, आता अंदाज नको होता. त्याने खिशातून फॉर्मची प्रत काढली, उलटी करून जमिनीवर ठेवली आणि मोहिद्दीनकडून पेन मागून घेतलं. "बाळा, पाय ठेव."

"बाबा, पीपल आर लुकिंग."

"बघू देत."

केयाने कागदावर पाऊल ठेवलं. प्रल्हादने अंगठ्यापासून सुरुवात करून रेघ काढली, बोटांच्या कडेने, टाचेला वळसा घालून परत. लहानपणी तिचे पाय त्याच्या तळहातावर मावत. हे मोठ्या बाईचं पाऊल होतं, लांब, आईसारखं निमुळतं. त्याला त्या रेघेचाही अचंबा वाटला. हे एवढं सगळं कधी झालं? रांगेतला एक अरब म्हातारा वाकून पाहत होता. त्याने मान हलवून म्हटलं, "माशाल्ला." सवयीने प्रल्हादची दोन बोटं रेघेच्या पुढे जाऊन टेकली. त्याने ती उचलून घेतली.

मोहिद्दीनने कागद काउंटरवर ठेवला, अडतीस नंबरच्या तीन जोड्या त्यावर ठेवून पाहिल्या, कारण भाड्याचे बूट पायापायाने सैल होतात, आणि त्यातली सर्वांत कमी वापरलेली जोडी दिली. "वन सॉक्स ओन्ली," तो म्हणाला. केयाने वरच्या दोन्ही जोड्या काढून आईकडे दिल्या. प्रल्हादने खाली बसून स्वतः लेस आवळल्या.

"अंगठा पुढे लागतोय?"

"येस."

"गुडघे वाकव. टाच उठते?"

केयाने गुडघे वाकवले. एकदा, दोनदा. तिचा चेहरा बदलला. "नो," ती म्हणाली, आणि दाराकडे पळाली.

केयाच्या पायातले बूट तिचे स्वतःचे नाहीत हे कोच बाईंच्या ध्यानात आलं. प्रल्हादने त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, मिस्टेक माझी आहे, मुलीची नाही, पुढच्या आठवड्याला तिचे नवे बूट येतील, बरोबर मापाचे. बाईंनी फॉर्मच्या मागचं पाऊल पाहिलं. मग हाताने केयाला वर जायची खूण केली.

कठड्यापाशी या वेळी प्रल्हाद आणि अनुराधा एकमेकांना चिकटून उभे होते. मधल्या टप्प्यावर लाल हेल्मेट आलं. थांबलं. आता पडली तर सीझन गेला, आणि तो प्रल्हादच्या दोन बोटांनी घालवलेला.

ती निघाली. उजवा पाय पुढे, हात सैल. पुढच्या कडेवर आली तशी फळी तिच्याबरोबर आली. मागच्या कडेवर गेली तशी फळी गेली. पुढे, मागे. बर्फावर तिच्यामागे एक लांब वळणदार रेघ उमटत होती, एका दमात काढल्यासारखी. बर्फ भुरभुरत होता आणि त्यातून ती खाली येत होती. प्रल्हादला श्वास घ्यायची आठवण राहिली नाही. बाहेर वाळवंट होतं, ऊन होतं, उंट होते, आणि इथे डोंबिवलीच्या सबनीसांची मुलगी बर्फावरून येत होती. त्याच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी असं काही केलं नव्हतं. करता येतं हेसुद्धा कोणाला माहीत नव्हतं. आपण या मुलीचे बाप आहोत, या विचाराने त्याच्या अंगावर काटा आला.

कठड्यापाशी येऊन तिने फळी आडवी केली. बर्फाचा फवारा उडाला आणि प्रल्हादच्या तोंडावर, छातीवर, मिशांवर बसला. त्याने तो पुसला नाही.

शेवटची खेप संपल्यावर कोच बाईंनी नावं वाचली. केयाचं सहावं होतं. अनुराधाने एवढ्या मोठ्याने टाळी वाजवली की शेजारचे रशियन आईबाप दचकले. "फोन करते डोंबिवलीला," ती म्हणाली आणि फोन लागत नव्हता म्हणून दाराकडे गेली.

केया बाकावर बसली. प्रल्हाद पुन्हा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि लेस सैल करू लागला. बूट ओढण्याआधी, इतक्या वर्षांची सवय, त्याने टाचेच्या मागे दोन बोटं घालून पाहिली.

शिरेनात. जागाच नव्हती.

त्याने वर पाहिलं. केया त्याच्याकडेच बघत होती. तिच्या भुवयांवर बर्फाचे कण होते आणि ती हसत होती.

"बाबा," ती म्हणाली, "बरोबर बसले."